कै. चिमाजी व इतर

लेख पोस्टात टाकण्याआधी एकदा सासुरवाडीला वाचून दाखवावा, एवढंच हिंदुरावांनी ठरवलं होतं. त्यात वावगं काय होतं हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही, आणि आपणही त्यांना सांगायला जाऊ नये. सांगायला गेलेल्या माणसाला ते लिहावं कसं याच्या चार गोष्टी ऐकवून परत पाठवतात.

हिंदुराव दापोडीचे. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा ते तिथं आवक-जावक कारकून म्हणून चिकटले. कारखान्यात माणसं शेकड्यांनी, पण लिहिता हात एकच, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. दापोडीच्या गल्लीत कुणाचं लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर हिंदुरावांचा. कुणाची बदली थांबवायची असली की अर्ज हिंदुरावांचा. (बदली आजवर एकाचीही थांबली नाही. पण अर्ज वाचून एका साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं त्या साहेबाचा शिपाई सांगतो.) लिहायला घाबरायचं कशाला, हे कोडं त्यांना जन्मात उलगडलं नव्हतं.

त्यांचा मेव्हणा ज्योतीराम मात्र लिहायला बसला की घामाघूम व्हायचा. शिकलेला होता, हुशार होता, पुण्यातल्या एका सरकारी शेतकी केंद्रात हंगामी सहायक होता. घर चाकणजवळच्या खेड्यात, कांदा पिकवणारं. त्यानं प्रयोगही कांद्यावरच केला. वडलांच्या वखारीत निम्मे कांदे नेहमीसारखे जमिनीवर पसरले, निम्म्यांच्या खाली तुरकाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, उंच थर देऊन वारा खेळता ठेवला, आणि पावसाळाभर कुठले सडतात ते बघत राहिला. थरावरचे टिकले, जमिनीवरचे सडले. आता ते लिहून काढायचं होतं. केंद्राच्या साहेबांनी बजावलं होतं की मे महिन्यात कमिटी बसेल. तोवर शेतकी त्रैमासिकात तुमच्या नावावर एक लेख छापून आला तर नोकरी कायम, नाही तर घरी. घरी म्हणजे पुन्हा त्याच वखारीत, आणि गाव म्हणायला मोकळं की एवढं शिकून पोरगं शेवटी कांदं निवडायलाच आलं.

म्हणून तो लेख घेऊन दापोडीला थोरल्या बहिणीकडे, म्हणजे हिंदुरावांच्या घरी आला. तो खरं तर बहिणीच्या हातची भाकरी खायला आला होता. पण हिंदुरावांच्या घरात लिहिलेला कागद उघडा ठेवणं म्हणजे मांजरासमोर दूध ठेवणं.

पहिलंच वाक्य हिंदुरावांनी मोठ्यानं वाचलं. 'सदर प्रयोगावरून असे निदर्शनास येण्याची शक्यता अगदीच नाकारता येत नाही की.' ते थांबले, चष्मा काढला, आणि मेव्हण्याला विचारलं, कांदे टिकले का सडले? ज्योतीराम म्हणाला, टिकले, दाजी.

"मग टिकले म्हण की," हिंदुराव म्हणाले. "तू कांद्यांबद्दल सांगतोयस, का त्यांना जामीन राहतोयस?"

मग त्यांनी लेखणी हातात घेतली ती दिवस मावळेपर्यंत खाली ठेवली नाही. निष्कर्ष पार शेवटच्या पानावर होता, तो त्यांनी उचलून वर आणला. (मांडव उतरवल्यावर मुहूर्त सांगतोस का, असं त्यांचं म्हणणं.) विशेषणं छाटली, इंग्रजी छापाची लांबलचक वाक्यं मधोमध मोडली, आणि दोन कोष्टकं एकच गोष्ट सांगत होती त्यातलं एक काढून टाकलं. ज्योतीराम आधी कुरकुरला, मग गप्प बसला, आणि शेवटी त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं की लेख पहिल्यांदाच लेखासारखा वाटतोय. हिंदुरावांचं घोडं इथंच थांबलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण ज्योतीरामाला दुसऱ्या दिवशी निफाडकडं दौऱ्यावर निघायचं होतं. त्यानं दाजींना हात जोडून सांगितलं, की एवढं फक्त स्वच्छ अक्षरात उतरवा आणि पोस्टात टाका, आता बदल काही करू नका. हिंदुरावांनी मान डोलावली आणि त्यांनी खरोखर काही बदललं नसतं. पण उतरवता उतरवता ते शेवटच्या ओळीला आले. 'प्रयोगासाठी वखार व कांदे दिल्याबद्दल लेखक आपले वडील श्री. धर्माजी यांचे आभारी आहेत.' ही ओळ त्यांना दाताखाली खडा यावा तशी लागली. त्यांनी ती बायकोला, कौशल्याबाईंना, वाचून दाखवली. त्या भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

"आबांचं आभार?" त्या म्हणाल्या. "आबा काय परकं हायती व्हय?"

हिंदुरावांनाही तेच वाटत होतं. बापाचे आभार मानायची रीत कुठली? आणि चार माणसांत वाचून न दाखवलेला मजकूर छापायला देऊ नये, हा तर त्यांचा जुना नेम. तेव्हा रविवारी नाशिक फाट्यावरून चाकणची एसटी पकडायची, सासऱ्यांना लेख ऐकवायचा, आणि ही एक ओळ त्यांच्याच सल्ल्यानं ठीक करायची, असं ठरलं.

रविवारी ओसरीवर बैठक बसली. सासरे धर्माजी मधोमध, शेजारी त्यांचा धाकटा भाऊ गेनू, आणि दाराआड गेनूची बायको सारजाबाई. वखार दोघा भावांची सामाईक, चुली मात्र वेगळ्या. हिंदुरावांनी घसा साफ केला आणि मंगलाष्टकं म्हणावीत तशा आवाजात लेख वाचला. सगळ्यांना पसंत पडला. तुरकाट्यांचं नाव छापील कागदावर जाणार याचं गेनूला फार कौतुक वाटलं. मग शेवटची ओळ आली. धर्माजींनी ती पुन्हा वाचायला लावली.

"जावईबापू, आभार बाहेरच्याचं मानत्यात," ते म्हणाले. "आज बापाचं मानलं. उद्या जेवाण वाढलं म्हनून आईचं मानंल."

एवढं बोलून ते उठले आणि गोठ्याकडं निघून गेले. पुढच्या साली ह्या वखारीत प्रयोग नाही आणि बियोग नाही, असं तिकडून ऐकू आलं. हिंदुराव त्यांच्या मागं जाणार, तेवढ्यात गेनूच्या ध्यानात आलं की आपलं नाव तर आभारातही नाही. निम्मे कांदे त्याच्या वावरातले होते. तो ते शांतपणे बोलला, पण इतक्या शांतपणे की पुढं वाटणीचा दावाच उभा राहील. त्यावर दाराआडून सारजाबाईंनी विचारलं, की पावसाळाभर सडकं कांदं हातानं उचाललं कुणी, ते कागुद सांगतो का?

दुसरा कुणी असता तर लेख गुंडाळून पहिल्या एसटीनं पळाला असता. हिंदुराव पळणारे नव्हते. पत्रिकेवर नाव गाळल्यामुळं रुसलेले चुलते, आत्या, मावसे त्यांनी आयुष्यभर हाताळले होते. मजकूर कुणी वाचत नाही, माणूस आधी आपलं नाव शोधतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. (ते लेखाच्या बाबतीतही खरं आहे, असं पुढं पुण्यातल्या विद्वानांनीच सिद्ध केलं.) त्यांनी धर्माजींना गोठ्यातून मनवून आणलं आणि तोडगा सांगितला. घरच्यांचे आभार मानायचे नसतात. घरच्यांची नावं वर घालायची असतात. हे कार्य सगळ्या घराचं आहे, तर यजमान म्हणून सगळं घर वर.

ओसरीवर एकदम हुशारी आली. धर्माजींचं नाव पहिलं लिहिलं, तर ते म्हणाले, माझ्यावर दादांचं नाव पायजे, वखार त्यांनी उभी केली. दादा म्हणजे त्यांचे वडील चिमाजी, केव्हाच देवाघरी गेलेले. पण पत्रिकेतही गेलेल्या वडीलधाऱ्यांचं नाव आधी असतंच. म्हणून सर्वांत वर कै. चिमाजी. खाली श्री. धर्माजी, मग श्री. गेनू, मग सौ. सारजाबाई, मग वयाच्या मानानं सगळी भावकी. ज्योतीराम सगळ्यांत धाकटा, म्हणून सगळ्यांत शेवटी, आणि नवरदेवाला लावतात तसं नावाआधी 'चि.' लावून.

आता राहिले हिंदुराव. त्यांनी सगळी नावं मोठ्यानं वाचली, टाक हातातच ठेवला, आणि कुणी राहिलं का बघा, असं म्हणून ओसरीवर नजर फिरवली. धर्माजींच्या ते लक्षात आलं.

"तुमचं कसं घालावं?" ते म्हणाले. "जावई म्हंजे मानाचा पाव्हणा. त्यो यजमानात बसत न्हाई."

रीत रीतच होती, बोलायला जागा नव्हती. पण हिंदुरावांना लागलं. एवढ्या पत्रिका लिहिल्या, एवढे अर्ज लिहिले, छापखान्याचं नाव सुद्धा तळाला छापतात, पण लिहिणाऱ्याचं कुठंच नाही. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळी अर्धीच खाल्ली. सोमवारी लेख पोस्टात टाकला.

जानेवारीचा अंक निघाला आणि ज्योतीराम तो काखेत मारून दापोडीला आला, तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता. त्यानं पान उघडून दाजींच्या पुढ्यात ठेवलं. लेख चांगला पहिल्या पानावर छापला होता. जागा कमी, नावं ढीगभर, म्हणून संपादकांनी पहिलं नाव ठेवून बाकीचं आवरतं घेतलं होतं. मोठ्या अक्षरांत कांद्याची साठवण, आणि खाली 'कै. चिमाजी व इतर'. त्याच्याही खाली काळ्या चौकटीत संपादकांनी लिहिलं होतं, की हा लेख हाती आला तो लेखकाच्या निधनाची वार्ता घेऊनच. इतकी नेमकी आणि निर्भीड भाषा लिहिणारा तरुण संशोधक अकाली जावा, हे आपल्या शेतीचं दुर्दैव होय.

चिमाजी ऐंशी ओलांडून, पतवंडं मांडीवर खेळवून गेले होते. कागदाला त्यांनी जन्मात अंगठ्याशिवाय काही लावलं नव्हतं.

हिंदुरावांनी चौकट वाचली, पुन्हा वाचली, आणि भाषेबद्दल काय म्हटलंय ते बघितलंस का, असं मेव्हण्याला विचारलं. ज्योतीरामानं केंद्रातली हकीकत सांगितली. साहेबांनी त्याला दुपारीच बोलावून घेतलं होतं. तुमचा लेख कुठाय, म्हणून विचारलं. ज्योतीरामानं हाच, म्हणून सांगितलं. साहेबांनी अंक उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, हा तर या गेलेल्या गृहस्थांचा आहे. तुम्ही यात आहात कुठं? इतरांत?

"दाजी, मी मेलेल्या माणसाचं काम चोरतोय असं त्यांना वाटतंय," ज्योतीराम म्हणाला. "एप्रिलच्या अंकात दुरुस्ती आली नाही तर नोकरी तर जाईलच, पुन्हा कुठल्या केंद्राच्या दारात कुणी उभं करणार नाही."

ही झाली पुण्याची बाजू. गावाकडं निराळंच घडलं होतं. धर्माजींनी शाळेच्या मास्तरांकडून काळी चौकट वाचून घेतली आणि लहान पोरासारखे रडले. दादा ग्येले तवा तलाठीसुदीक आला न्हवता, आता थेट पुण्यासनं लिहून आलं, असं ते ज्याला त्याला सांगत होते. ते पान त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावलं, रोज त्याला हार. 'व इतर' म्हणजे आपणच, असं गेनू, सारजाबाई आणि सगळी भावकी आनंदानं समजून होती. गावात इतका एकोपा कित्येक वर्षांत झाला नव्हता.

हिंदुराव मेव्हण्याला घेऊन संपादकांकडं गेले. जाताना वाटेत त्यांनी ज्योतीरामाला धीर दिला, की संपादक म्हणजे आपल्यासारखाच लिहिणारा माणूस, दोन शब्दांत पटवतो. संपादक म्हणजे सुकलेले, करारी गृहस्थ निघाले. त्यांच्या टेबलावर दुखवट्याच्या पत्रांची चळत होती. चिमाजी कोण, हे कळल्यावर त्यांनी डोकं धरलं. एका प्राध्यापकांनी तर कै. चिमाजींशी आपला या विषयावर फार जुना पत्रव्यवहार होता, असं कळवलं होतं.

दुरुस्ती छापायला ते तयार झाले, पण त्यांच्या पद्धतीनं. कोण कोण लेखक नाहीत ते नावानिशी लिहायचं, म्हणजे पुन्हा भानगड नको. ज्योतीराम पांढराफटक पडला. आजोबा, आबा, काका, काकू यांचा काही संबंध नाही असं छापून आलं, तर मला जन्मात घरचा उंबरा चढता येणार नाही, असं तो म्हणाला. तेव्हा संपादक म्हणाले, की मग निदान ही नावं घातली कुणी ते तरी छापावं लागेल. वाऱ्यानं तर उडून आली नाहीत ना?

ज्योतीरामानं दाजींकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तो काही मागत नव्हता, आणि नेमकं तेच हिंदुरावांना सोसवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मजकूर सुचत नव्हता. आपलं नाव एकदा तरी छापून यावं असं त्यांना फार वाटायचं. पण ते असं यावं? त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. मग त्यांनी कोटाच्या बाह्या मागं सारल्या, संपादकांच्या टेबलावरचा टाक उचलला आणि लिहायला घेतलं. संपादकांनी ते वाचलं, तीन विशेषणं खोडली, शेवटी आपलं एक वाक्य जोडलं आणि कागद छापखान्यात धाडला.

एप्रिलच्या अंकात आलं ते असं: 'गेल्या अंकातील कांद्याच्या साठवणीवरील संशोधन एकट्या श्री. ज्योतीराम धर्माजी यांचे असून ते त्यांनी आपले आजोबा कै. चिमाजी यांच्या स्मृतीस अर्पण केले आहे. नावांचा घोटाळा दापोडीचे श्री. हिंदुराव यांनी केला. त्यांचा या संशोधनाशी काहीही संबंध नाही.'

गावात याचा बोभाटा झालाच नाही. अर्पण हा शब्द धर्माजींना फार आवडला. देवाला वाहतात तसं दादांना वाहिलंय, असं त्यांनी भावकीला समजावून दिलं. पूर्वजाला वाहिलेल्या गोष्टीत आपलं नाव शोधायला गेनूची काय बिशाद? राहता राहिला घोटाळा, तर तो जावयानं केला होता. जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून सगळे हसून गप्प बसले.

कारखान्यात मात्र गप्प बसायला ते कुणाचे जावई लागत नव्हते. कुणीतरी ते पान कँटीनच्या भिंतीला डकवलं. हिंदुराव जेवणाच्या सुट्टीत तिथं गेले, पान सरळ करून नीट चिकटवलं, आणि जमलेल्यांना ऐकवलं की या संशोधनाशी संबंध नाही अशी माणसं देशात कोट्यवधी आहेत, पण नाव कुणाचं छापलं ते बघा. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी हे कौशल्याबाईंनाही सांगितलं. भावाच्या नोकरीपायी नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर गेली हे त्यांना कळत होतं. त्यांनी गुपचूप हिंदुरावांच्या भातावर तूप जरा सैल हातानं सोडलं.

मे महिन्यात एका संध्याकाळी ज्योतीराम पेढे घेऊन आला. कमिटी बसली होती, नोकरी कायम झाली होती. कौशल्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि डोळे पुसले. हिंदुरावांनी मेव्हण्याची पाठ थोपटली, पेढा हातात घेतला, आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. साहेब लेखाबद्दल काय म्हणाले?

ज्योतीराम म्हणाला, की चांगला म्हणाले, भाषेची तर फारच वाखाणणी केली.

"आणि दुरुस्तीबद्दल?"

ज्योतीराम जरा घुटमळला. मग त्यानं सांगून टाकलं, की साहेबांनी ती सगळ्या कमिटीला मोठ्यानं वाचून दाखवली, आणि हिंदुराव कोण म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझे दाजी. तेव्हा साहेब म्हणाले, यातली शेवटची ओळ फार उपयोगाची आहे, यापुढं तुम्ही जो जो लेख लिहाल त्याच्याखाली ती नावानिशी न चुकता छापत जा.

हिंदुरावांनी पेढा तोंडात टाकला आणि तो संपेपर्यंत विचार केला.

"ऐकलंस का गं?" ते कौशल्याबाईंना म्हणाले. "म्हणजे आता प्रत्येक लेखात आपलं नाव. तुझ्या आजोबांचं दोनदाच आलं."

आणि त्यांनी चष्मा पुसला, दौत जवळ ओढली, आणि चल, पुढचा लेख काढ, म्हणून मेव्हण्यापुढं हात पसरला. तो लेख ज्योतीराम येतानाच खडकीच्या पोस्टात टाकून आला होता.